खाडीला समुद्र समजू नका

एप्रिलच्या अखेरीस ऐरोलीच्या खाडीकाठी तिवराचे पान उन्हाकडे तिरपे वळवून पाहिले, तर त्यावर मिठाचे बारीक कण चमकताना दिसतात. बोट फिरवून जिभेला लावले तर ते खारट लागते. तिवर खाऱ्या चिखलातून पाणी ओढते, त्यातले बरेचसे मीठ मुळांपाशीच अडवते आणि तरीही जे आत शिरते ते पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथींमधून बाहेर टाकते. पावसाळ्यात हे कण धुऊन जातात, उन्हाळ्यात साचत राहतात. ठाणे खाडीच्या काठावरच्या कांदळवनात तिवराचा भरणा सर्वाधिक आहे, आणि मीठ सोसण्याची त्याची मोठी ताकद हे त्याचे एक कारण आहे. पण सोसणे वेगळे आणि फोफावणे वेगळे. जिथे जमिनीत मीठ फार साचते तिथे हेच झाड वर्षानुवर्षे कमरेएवढे खुरटे राहते, आणि शेजारी जिथे भरतीचे पाणी रोज खेळते तिथे त्याच जातीचे झाड दोन पुरुष उंच होते. तिवराला प्रत्येक ग्रॅम मिठासाठी ताकद खर्चावी लागते, आणि तेवढी त्याची वाढ कमी होते.

मिठाचा हा हिशेब मनात असल्यामुळे, समुद्राचे पाणी गोडे करून शहरांची तहान भागवण्याची चर्चा कानावर आली की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो मागे उरणाऱ्या पाण्याचा. गोडे पाणी नळाने घरी येईल. पण वेगळे काढलेले मीठ कुठे जाईल? या प्रश्नाचे उत्तर ज्या जागी ठरते त्या जागेवरच सगळे अवलंबून असते, आणि माझे म्हणणे इतकेच आहे की ती जागा आपली खाडी असू नये.

आधी हे सांगितले पाहिजे, की पाण्याची गरज खोटी नाही आणि निःक्षारीकरणाला माझा सरसकट विरोधही नाही. नवी मुंबई महापालिकेचे नशीब थोर की तिच्याकडे खालापूर तालुक्यातले मोरबे धरण स्वतःच्या मालकीचे आहे. ठाण्याला मात्र भातसा आणि बारवीसारख्या स्रोतांतून, वेगवेगळ्या यंत्रणांच्या हातून पाणी घ्यावे लागते. दोन्ही शहरे वाढत आहेत, पाऊस बेभरवशाचा झाला आहे, आणि नवे धरण बांधायचे म्हणजे पुन्हा कुठले तरी आदिवासी पाडे आणि जंगल पाण्याखाली घालायचे. मुंबई महापालिकेने मनोरी येथे दिवसाला २० कोटी लिटर गोडे पाणी देणारा आणि पुढे ४० कोटी लिटरपर्यंत वाढवता येईल असा प्रकल्प योजला आहे. चेन्नईने तर मिंजूरला २०१० मध्ये आणि नेम्मेलीला २०१३ मध्ये प्रत्येकी १० कोटी लिटरचे प्रकल्प सुरू केले आणि २०२४ मध्ये नेम्मेलीलाच १५ कोटी लिटरची भर घातली. ज्या शहराने तलाव आटल्यामुळे टँकरपुढच्या रांगा पाहिल्या आहेत त्याला समुद्राकडे वळण्याचा पूर्ण हक्क आहे. उद्या अशी योजना ठाणे किंवा नवी मुंबईच्या दाराशी आली, तर तिच्याकडे केवळ शत्रू म्हणून पाहणे मला जमणार नाही.

तरीही यंत्र काय करते ते नीट समजून घ्यायला हवे. आपल्या स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्राची एक बारीक नळी बेसिनमध्ये सोडलेली असते आणि तिच्यातून नको असलेले पाणी सतत वाहत असते. समुद्राच्या पाण्यावर चालणारा प्रकल्प तत्त्वतः तेच करतो, फक्त त्याची ती नळी माणूस उभा राहील एवढ्या व्यासाची असू शकते. अरबी समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३६ ग्रॅम क्षार असतात. ते पाणी वातावरणाच्या दाबाच्या साठ-सत्तर पट दाबाने पातळ पडद्यांवर ढकलले जाते; पाणी पलीकडे जाते, क्षार अलीकडेच राहतात. शंभर लिटरमागे चाळीस-पंचेचाळीस लिटर गोडे पाणी मिळाले तर प्रकल्प चांगला चालला असे मानतात. म्हणजे दिवसाला १० कोटी लिटर पाणी देणाऱ्या प्रकल्पाने चाळीस टक्के गोडे पाणी काढले, तर त्याला रोज २५ कोटी लिटर पाणी ओढावे लागेल आणि १५ कोटी लिटर परत सोडावे लागेल. त्या परतीच्या पाण्यात सुमारे ९,००० टन मीठ असेल, आणि दर लिटरला ३६ ऐवजी ६० ग्रॅम. हे मीठ नवे नाही, समुद्रातलेच आहे, हे खरे. पण ते आता एका तोंडातून, एका जागी, रोज, दिवसरात्र बाहेर पडणार आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी २०१९ मध्ये जगभरातल्या सुमारे १६,००० चालू प्रकल्पांचा अंदाज मांडला, तेव्हा दिसले की रोज ९.५ कोटी घनमीटर गोड्या पाण्यामागे १४.२ कोटी घनमीटर दाट खारे पाणी बाहेर पडते. म्हणजे या उद्योगातून जे पाणी विकले जाते त्यापेक्षा टाकले जाणारे अधिक आहे.

हे पाणी टाकल्यावर काय होते, ते मिठागरात काम केलेल्या कोणत्याही माणसाला नव्याने सांगावे लागणार नाही. ठाणे, भांडुप, उरण या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवले गेले. खाऱ्या पाण्याने भरलेल्या वाफ्यावर अवकाळी पाऊस पडला, तर गोडे पाणी वर राहते आणि दाट पाणी तळाशी बसते. वाऱ्याने ढवळले तरच दोन्ही मिसळतात. प्रकल्पातून सुटलेले पाणीही असेच वागते. साध्या समुद्राच्या पाण्यापेक्षा ते लिटरमागे जेमतेम अठरा-वीस ग्रॅमने जड असते, पण तेवढा फरक पुरतो. ते खाली बसते आणि तळाच्या उतारावरून चादरीसारखे पसरत सर्वांत खोल जागा शोधते. वरून बोटीतून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही, कारण पृष्ठभागावरचे पाणी पूर्वीसारखेच असते. जे काही घडते ते चिखलात घडते.

चिखलात काय असते, हे मात्र ठाणे खाडीच्या काठी राहणाऱ्यांनी विसरता कामा नये. ओहोटीला वाशीच्या पुलावरून जो करडा, तकतकीत, वास मारणारा पसारा दिसतो त्यात निवट्या उड्या मारतात, चिंबोऱ्या बिळे करतात, कालवे दगडांना चिकटून असतात, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांची आणि शैवालाची एवढी दाटी असते की तिच्यावर हजारो रोहित पक्षी हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत पोट भरतात. यातली कालवे, किडे आणि शिंपले उठून दुसरीकडे जाऊ शकत नाहीत. त्यांच्या अंगावरून दाट पाण्याची चादर गेली तर ती त्यांना सोसावीच लागते. शिवाय त्या चादरीत एकटे मीठ नसते. पाणी आत घेताना शेवाळ वाढू नये म्हणून क्लोरीन घालतात, मग पडदे जळू नयेत म्हणून तो मारायला दुसरे रसायन घालतात आणि ते रसायन प्रमाणाबाहेर गेले तर पाण्यातला प्राणवायू खाते. गाळ बसवायला लोहाचे क्षार, पडद्यांवर पुटे चढू नयेत म्हणून फॉस्फरसयुक्त द्रव्ये, आणि अधूनमधून पडदे धुण्यासाठी आम्ल. चांगल्या प्रकल्पात हे सगळे मोजूनमापून वापरले जाते आणि धुण्याचे पाणी वेगळे काढून शुद्ध केले जाते. पण मोजमाप ढिले पडले तर त्याची झळ याच तळाला बसते.

प्राणवायूचा मुद्दा मला मिठापेक्षाही गंभीर वाटतो. जड पाणी तळाशी आणि हलके पाणी वर अशी दोन मजली रचना तयार झाली, की वाऱ्याने वरच्या पाण्यात मिसळलेला प्राणवायू खाली पोहोचत नाही. खाली सडणारे सेंद्रिय द्रव्य भरपूर असेल तर तिथला उरलेला साठा झपाट्याने संपतो. आणि ठाणे खाडीत सडणारे द्रव्य किती आहे हे कोणाला सांगायला हवे का? दोन्ही काठांवरच्या शहरांचे सांडपाणी, काही शुद्ध केलेले आणि काही न केलेले, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी या खाडीने साठेक वर्षे पोटात घेतले आहे. अंगात ताप असलेल्या माणसाला किती श्रम सोसतील याचा हिशेब निरोगी माणसावरून करता येत नाही.

आता जागेकडे वळते, कारण सगळा वाद तिथे आहे. नकाशावर ठाणे खाडी निळी दिसते आणि समुद्रही निळा दिसतो, म्हणून दोन्ही एकच समजण्याची चूक सहज होते. सुमारे २६ किलोमीटर लांबीची ही खाडी दक्षिणेला मुंबई बंदरात रुंद तोंडाने उघडते; उत्तरेला ठाण्यापाशी अगदी अरुंद होऊन उल्हास नदीशी एका चिंचोळ्या वाटेने जोडलेली आहे. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर तिच्यात नदीचे म्हणावे असे गोडे पाणी येतच नाही. पुलांचे खांब, भराव आणि गाळ यांनी ती आणखी उथळ झाली आहे. उधाणाला भरती-ओहोटीत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो, आणि एवढे पाणी दिवसातून दोनदा येते-जाते म्हणून कोणीही अभियंता म्हणू शकेल की यात १५ कोटी लिटर कुठल्या कुठे मिसळून जाईल.

बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यात धक्क्यावर जाळे विणत बसलेल्या एका वयस्कर कोळ्याला मी हाच युक्तिवाद ऐकवला होता. त्यांनी सुतळीची गाठ दातांत धरून ओढली, हात पुसला आणि म्हणाले, "ताई, पानी जातं नि तेच परत येतं." मग त्यांनी मला उधाण आणि भांग यांतला फरक समजावला. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी जोरात वाहते, तळ ढवळतो, डोल, म्हणजे प्रवाहात लावलेले पिशवीसारखे जाळे, नीट फुगते. अष्टमीच्या सुमारास भांग येतो तेव्हा पाणी पुरते चढतही नाही आणि उतरतही नाही, ओढ मंदावते, आणि खाडीच्या वरच्या अंगाला टाकलेली काठी दिवसभर त्याच परिसरात हेलकावत राहते. त्यांच्या बोलण्यात जो अनुभव होता त्यालाच शास्त्रज्ञ पाण्याचा निवासकाळ म्हणतात. किती पाणी आत-बाहेर गेले हे मोजून भागत नाही. ओहोटीने बाहेर गेलेल्या पाण्यापैकी किती पाणी खुल्या समुद्रात निघून गेले आणि त्याच्या जागी किती ताजे आले, हे मोजावे लागते. खाडीच्या तोंडाशी हा बदल बऱ्यापैकी होतो. वर ऐरोलीच्या पलीकडे, मेच्या भांगाला, तो फार थोडा होतो.

साध्या गणिताने हे अधिक स्पष्ट होईल. कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये आपल्या सागरी नियमांत सुधारणा करून ठरवले की सोडल्याच्या जागेपासून १०० मीटरच्या आत खारटपणा नैसर्गिक पातळीपेक्षा हजारी २ भागांहून जास्त राहता कामा नये. आपल्या उदाहरणातले ६० ग्रॅमचे पाणी ३८ वर आणायचे, तर त्याच्या एका भागात अकरा भाग ताजे, ३६ ग्रॅमचे पाणी मिसळले पाहिजे. खुल्या किनाऱ्यावर ते अकरा भाग लाटा आणि प्रवाह फुकट आणून देतात. अडलेल्या खाडीत मात्र ते अकरा भाग कालच सोडलेल्या पाण्याने आधीच थोडे दाट झालेले असतात, आणि उद्या ते आणखी थोडे दाट होतात. बाष्पीभवनाची भर वेगळीच. नळीच्या तोंडाला कितीही उत्तम फवारे बसवले तरी मिसळायला ताजे पाणी असावे लागते, ते यंत्राने निर्माण होत नाही.

या बाबतीत ऑस्ट्रेलियातली दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. सिडनीचा प्रकल्प आपले दाट पाणी खुल्या, लाटांनी सतत ढवळणाऱ्या किनाऱ्यावर जोरदार फवाऱ्यांतून सोडतो. तिथे अनेक वर्षे चाललेल्या अभ्यासात तळाच्या जीवांवरचे परिणाम जवळजवळ १०० मीटरच्या आतच दिसले. पर्थचा क्विनाना येथील प्रकल्प २००६ मध्ये सुरू झाला. दिवसाला १४ कोटी लिटरच्या आसपास गोडे पाणी देणारा हा प्रकल्प कॉकबर्न साउंड नावाच्या निमबंद उपसागराच्या काठी आहे. या उपसागराची कहाणी वाचताना मला सारखी आपली खाडी आठवत राहिली. पश्चिमेला बेट, दक्षिणेच्या तोंडावर १९७० च्या दशकात घातलेला भराव-रस्ता, काठाला कारखाने, आणि त्यांच्या प्रदूषणाने आधीच नष्ट झालेले बहुतांश समुद्री गवत. तिथे वारा पडला की तळाचा प्राणवायू आपोआपही उतरतो. म्हणून परवानगी देतानाच प्राणवायूची पातळी बांधून दिली होती, आणि २००८ मध्ये ती घसरली तेव्हा प्रकल्पाला काही काळ उत्पादन घटवावे लागले. घसरणीत प्रकल्पाचा वाटा किती आणि शांत हवेचा किती यावर तिथे पुष्कळ खल झाला. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की शंकेचा फायदा आधी पाण्याला दिला गेला.

अमेरिकेतल्या टेक्सासचा किनारा तर आपल्याला अधिक जवळचा आहे, कारण तिथे समुद्र आणि जमीन यांच्यामध्ये लांबट बेटांची रांग आहे आणि तिच्या आत उथळ उपसागर आहेत. कॉर्पस क्रिस्टी शहराला पाणी हवे आहे, कारखान्यांना तर फारच हवे आहे, आणि उपसागराच्या आतच दाट पाणी सोडण्याच्या योजनेवरून वर्षानुवर्षे वाद चालला आहे. मासेमार आणि अभ्यासक यांचे म्हणणे असे, की बेटांच्या पलीकडे खुल्या आखातात पाणी सोडा, नळ लांब न्या, खर्च वाढला तरी चालेल. कारण माशांची पिल्ले त्या अरुंद तोंडांमधूनच आत येतात आणि उपसागरातच वाढतात.

पिल्लांची ही गोष्ट आपल्याकडेही तशीच आहे. कोळंबी अंडी समुद्रात घालते, पण तिची पिल्ले भरतीबरोबर खाडीत शिरतात, कांदळांच्या मुळांत वाढतात आणि मोठी झाली की परत जातात. बोई, जिताडा यांचेही आयुष्य खाडीशी असेच बांधलेले आहे. दिवसाला २५ कोटी लिटर पाणी ओढणारे तोंड खाडीत बसवले, तर पाण्याबरोबर अंडी आणि केसाएवढी पिल्लेही आत जातील, आणि तिथून जिवंत परत येण्याची वाट नाही. बारीक जाळी बसवून आणि ओढीचा वेग कमी ठेवून मोठे मासे वाचवता येतात. अंडी वाचवणे जवळजवळ अशक्य असते, म्हणून कॅलिफोर्नियाच्या नियमांत शक्य तिथे वाळूखालून पाणी घेण्याला पहिली पसंती दिली आहे. ठाणे खाडीच्या चिखलात तशी सोय नाही. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ आहे. कोळी बांधव हे ६१ दिवस होड्या ओढून ठेवतात, कर्ज काढतात, सुक्या मासळीवर घर चालवतात. त्याच ६१ दिवसांत एखादा पंप त्याच पाण्यातून दिवसरात्र अंडी ओढत राहणार असेल, तर बंदीचा अर्थ त्यांना आपण कोणत्या तोंडाने समजावणार?

एक आक्षेप मी स्वतःच माझ्यापुढे अनेकदा मांडला आहे. रोहित पक्षी कच्छच्या रणात, समुद्राहून कितीतरी खारट पाण्यात घरटी करतात. मग खाडी थोडी खारट झाली तर त्यांचे काय बिघडते? पक्ष्यांचे थेट फारसे बिघडणार नाही, हे मान्य करते. पण पक्षी खारट पाण्यासाठी इथे येत नाहीत, चिखलातल्या अन्नासाठी येतात, आणि खाडीतल्या अन्नाची साखळी समुद्राच्या पाण्यावर आणि पावसाळी गोडेपणावर घडलेली आहे, रणाच्या पाण्यावर नाही. २०१५ मध्ये खाडीच्या सुमारे १७ चौरस किलोमीटर भागाला रोहित अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. हे दर्जे पक्ष्यांच्या नावाने मिळाले असले तरी राखायचा आहे तो चिखल.

शिवाय खाडीचे पाणी प्रकल्पाच्याही हिताचे नाही, ही बाजू फारशी बोलली जात नाही. आरओचे पडदे नाजूक असतात. गाळ, तेल, सेंद्रिय द्रव्ये आणि अमोनिया यांनी ते लवकर तुंबतात. जितके गढूळ पाणी आत घ्याल तितका आधीच्या शुद्धीकरणाचा, रसायनांचा आणि विजेचा खर्च वाढेल. समुद्राचे तुलनेने स्वच्छ पाणी गोडे करायलाच दर हजार लिटरमागे तीन ते चार युनिट वीज लागते; २० कोटी लिटरच्या प्रकल्पाला म्हणजे रोज सहा ते आठ लाख युनिट. आणि बंदराच्या पाण्याचा भरवसा किती? ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर झाली तेव्हा तेलाचा तवंग घारापुरी-उरणच्या काठांपर्यंत पोहोचला होता. पिण्याच्या पाण्याचा स्रोत अशा जलमार्गात ठेवायचा, तर प्रत्येक अपघाताच्या दिवशी नळ बंद ठेवण्याची तयारी हवी.

मग पाणी आणायचे कुठून? मला वाटते, खाडीत जे आपण आज टाकतो तिथून सुरुवात करावी. नवी मुंबई महापालिकेने कोपरखैरणे आणि ऐरोली येथे प्रत्येकी २ कोटी लिटर क्षमतेची तृतीय स्तर शुद्धीकरण केंद्रे उभारली आहेत, आणि त्यांतले पाणी उद्योगांना देण्याची योजना आहे. सांडपाण्यात मीठ समुद्राच्या तुलनेने नगण्य असते, म्हणून ते शुद्ध करायला लागणारा दाब आणि वीज निम्म्याहूनही कमी असते, आणि मागे दाट खाऱ्या पाण्याचा लोंढा राहत नाही. कारखान्यांची शीतकरण यंत्रे, बांधकामे, बागा, संकुलांतले फ्लश यांना मोरब्याचे पाणी देणे आता थांबलेच पाहिजे. जुन्या जलवाहिन्यांची गळती बुजवणे हे त्याहून स्वस्त काम आहे, पण त्याचे उद्घाटन करता येत नाही म्हणून ते मागे पडते. इथे एक गोष्ट नोंदवून ठेवते, कारण ती मला अस्वस्थ करते: डिसेंबर ते मे या काळात खाडीत येणारे गोडे पाणी म्हणजे मुख्यतः आपले सांडपाणीच आहे. ते सगळेच्या सगळे आपण वळवून घेतले, तर खाडीचा वरचा भाग उन्हाळ्यात आणखी खारट होईल. म्हणून पुनर्वापर वाढवतानाही खाडीसाठी थोडे चांगले शुद्ध केलेले पाणी राखून ठेवण्याचा हिशेब आजच मांडायला हवा.

आणि एवढे सगळे करूनही निःक्षारीकरण अटळच ठरले, तर ते खुल्या समुद्रावर व्हावे. पाणी घेण्याचे आणि सोडण्याचे तोंड खाडीच्या आणि बंदराच्या बाहेर, खोल आणि वाहत्या पाण्यात असावे, मग नळ कितीही किलोमीटर लांब न्यावा लागो. तो नळ कांदळवनातून जाणार असेल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाप्रमाणे न्यायालयाची परवानगी घ्यावी लागेल आणि कांदळांभोवतीचा ५० मीटरचा पट्टा जपावा लागेल; ही अट अडचण म्हणून न पाहता आराखडा आखतानाच गृहीत धरावी. सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या, परवानगीसाठी जो अभ्यास होईल तो एखाद्या ऋतूचा न करता निदान एक पूर्ण वर्षाचा करावा, त्यात मेच्या भांगाचे दिवस असावेत, आणि खारटपणा व प्राणवायू पृष्ठभागावर न मोजता तळापासून हातभर उंचीवर मोजावा. किनाऱ्यावर ज्यांचे पोट आहे त्या कोळी-आगरी गावांतली माणसे नमुने घेताना सोबत असावीत, कारण कुठल्या खड्ड्यात पाणी साचून राहते हे त्यांच्याइतके कोणत्याही संगणकी प्रारूपाला माहीत नसते.

प्रकल्प चालू झाल्यावर तळाचे हे आकडे रोजच्या रोज मराठीत जाहीर व्हावेत, महापालिकेच्या संकेतस्थळावर आणि मासळी उतरते त्या प्रत्येक धक्क्यावरच्या फलकावरही. प्राणवायूची आणि खारटपणाची मर्यादा परवानगीतच आकड्यांनी लिहिलेली असावी, आणि ती ओलांडली गेली की पंप बंद करण्याचा आदेश देण्याचा अधिकार पाणी विकणाऱ्या यंत्रणेकडे नसावा. तो वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे द्यायचा की किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे, यावर मतभेद होऊ शकतात. पण हा निर्णय निविदा निघण्याआधी झाला पाहिजे, आणि पंप बंद राहतील त्या दिवसांचे पाणी शहराला कोणत्या धरणातून मिळेल हेही त्याच कागदावर लिहिलेले असले पाहिजे.